फळ्याखालचं गटार

साहेब, मोटारस्टँडसमोरचं गटार तुम्ही जाणूनबुजून तुंबवलेलं आहे, असा माझा तुमच्यावर उघड आरोप आहे. हा हलगर्जीपणा नव्हे. माणसं कमी पडली, फावडी मोडली, असलंही काही नाही. मुद्दाम! आणि तेही माझ्यासाठी! तुमचं नाव मी इथे घालत नाही, कचेरीचंही घालत नाही. आरोप कोणावर आहे ते तुम्हाला कळलेलं आहे आणि गटारालाही कळलेलं आहे.

वाचकहो, साहेब उत्तर देतील तेव्हा देतील. तोवर प्रकरण तुमच्या कानांवर घालतो, कारण एवढं सगळं फळ्यावर मावत नाही. रोज काहीतरी लिहून लोकांपुढे ठेवायची खोड ज्याला लागली आहे, किंवा लागेल अशी भीती आहे, त्यानं तर हे वाचावंच. शहाणपण फुकट वाटतोय. मला ते फुकट मिळालं नव्हतं.

मी बळीराम, मूळचा ओव्याचा. पनवेलला मोटारस्टँडसमोर सायकली भाड्यानं देतो आणि पंक्चर काढतो. शाळा तिसरीत सुटली. पुढचं शिक्षण वाण्याच्या पुड्यांवर झालं. घरात मिरची आली की मिरची आईची आणि कागद माझा. अडचण एवढीच, की वाणी कागद नेमका मोक्याच्या जागी फाडायचा. त्यामुळे मी गोष्टी ढीगभर वाचल्या, पण एकीचाही शेवट वाचला नाही. म्हणून मला आजही शेवट लिहिता येत नाही. मी प्रश्न विचारतो आणि खाली लिहितो, उत्तर द्या.

आधी मी मुंबईच्या मासिकांना लेख पाठवत असे. ते इतक्या तत्परतेनं परत यायचे की पोस्टमनला वाटायचं, हा माणूस स्वतःलाच पत्रं टाकतो. शेवटी नवं राज्य झालं त्या साली मी ठरवलं की आपला संपादक आपणच व्हायचं. शाळेनं टाकून दिलेला, पाय मोडलेला फळा आणला. मेलेल्या बॅटरीतला काळा मसाला पाल्याच्या रसात घोटून त्याला दोन हात दिले. दुकानासमोर, गटाराच्या पलीकडे दोन बांबू रोवले, त्यावर फळा ठोकला आणि वर नाव लिहिलं 'सडेतोड'. चार ओळी बातमी, बारा ओळी राग. रोज सकाळी उरणची पहिली गाडी सुटायच्या आत नवा मजकूर!

आमच्या घरात या उपक्रमाचं स्वागत कसं झालं ते थोडक्यात सांगतो. बायको, म्हणजे भामा, म्हणाली, "जगाची चाकं सरळ करा तुमी. दुकानातल्या दोन सायकली आठ दिस उलट्या पडल्यान, त्या कोन करील?"

आणि तिचा भाऊ दयाराम तर फळ्याकडे अशा नजरेनं बघत राहिला, जशी मांजर मासळीच्या टोपलीकडे बघते. दयाराम तंबूतल्या सिनेमात कामाला. दारावर तिकिटं फाडायची आणि गावभर जाहिराती चिकटवायच्या. जासई, पळस्पे, ओवे, सगळीकडची माणसं गाडीसाठी ताटकळत जिथे उभी राहतात, तिथे बरोबर माझा फळा होता. याला तिथे नटी लावायची होती. मला म्हणाला, दाजी, रोज लिहिणं हे काय आपलं काम आहे का? आठवड्यात फळा कोरा पडेल, मग मला द्या.

माझं डोकं फिरलं. चारचौघांत बोलून गेलो, "ज्या दिवशी सूर्य मावळायच्या आत त्या दिवसाचा नवा मजकूर लागला नाही, त्या दिवसापासून फळा तुझा. लाव तुझ्या नट्या!"

शेजारच्या बेकरीतून झकेरियाशेठ पिठाचे हात घेऊन बाहेर आले होते. ते साक्षीदार झाले. दयारामनं तिथल्या तिथे सुतळी काढून फळ्याचं माप घेतलं.

सुरुवातीचे दिवस फार मजेत गेले. तीस वर्षांचा राग साठलेला होता, तोटी सोडायची खोटी. मग एक सकाळ अशी आली की खडू हातात, फळा समोर आणि डोकं पुसून ठेवलेल्या पाटीसारखं. त्या सकाळी मला पहिला धडा मिळाला. राग संपत नाही, विषय संपतात. स्फूर्तीची वाट बघत बसलो तेवढ्यात गाडी लागली. स्फूर्ती म्हणजे भाड्यानं गेलेली सायकल. ती वेळेवर परत येईल या भरवशावर दुसऱ्या गिऱ्हाइकाला शब्द देऊ नये. मी घाबरून खाली मान घातली, आणि खाली गटार होतं.

त्या गटारानं मला लेखक केलं. तुंबलेलं, हिरवंगार, वर बुडबुडे. त्यावर मी आरोग्याच्या बाजूनं लिहिलं, इतिहासाच्या बाजूनं लिहिलं, एकदा गटाराच्या स्वतःच्या बाजूनंही लिहिलं. विषय सुचला नाही की गटार! दुसऱ्यांच्या घरी अडीअडचणीला सोनं असतं, माझ्याकडे गटार होतं.

हळूहळू हात बसला. एका दिवसाला एकच तक्रार लिहावी. तीन लिहिल्या की ऐकणारा सगळ्यांत सोपी निवडतो. लिहिलेलं आधी बायकोला वाचून दाखवू नये. ती मन लावून ऐकते आणि शेवटी "मग?" एवढंच विचारते, त्या एका "मग"नं बारा ओळींची हवा जाते. आणि सगळ्यांत मोठा धडा, जो मुंबईच्या संपादकांनाही ठाऊक नसेल: वाचक आवडीनं वाचत नाही, अडकला की वाचतो. उरणची गाडी कधी वेळेवर सुटायची नाही, म्हणून माझा फळा वाचला जायचा. जासईची सखूबाई, सुकटीची पाटी घेऊन येणारी म्हातारी, तिला अक्षर येत नव्हतं, पण ती रोज पाटी उतरवून फळ्याखाली बसायची आणि झकेरियाशेठना सांगायची, "वाच रं बाबा, आज सायबाला काय म्हटलंय?" झकेरियाशेठ बेकरीच्या दारातून खड्या आवाजात वाचायचे. साहेबांना फारसं काही म्हटलेलं नसलं तर सखूबाई मिठाचा खडा लागल्यासारखं तोंड करायची.

असं सगळं उत्तम चाललं असताना, साहेब, तुम्ही बदलून आलात.

तरुण, काटकुळे, बगलेत छत्री. पहिल्याच सकाळी तुम्ही पायी आलात, फळ्यासमोर उभे राहिलात, वरपासून खालपर्यंत वाचलंत आणि चेहऱ्यावरची एक रेघ न हलवता निघून गेलात. मी झकेरियाशेठना म्हणालो, घाबरला! शेठ म्हणाले, घाबरलेला माणूस चष्मा पुसून दुसऱ्यांदा वाचत नाही, बळीरामभाई.

दुसऱ्या दिवशी गटार उपसलं.

मी जिंकलो होतो! फळाभर लिहिलं, 'सडेतोडचा विजय'. लोकांनी पाठ थोपटली, भामानं नाकाचा पदर काढला. पण त्याच्या पुढच्या सकाळी खडू घेऊन सवयीनं खाली बघितलं, तर स्वच्छ पाणी वाहत होतं आणि त्यात आकाश दिसत होतं. आकाशाचं मी काय करू?

म्हटलं, जाऊ दे. पनवेलीत विषयांना तोटा आहे का? स्टँडच्या खांबावरचा दिवा लिहिला. दिवा लागला. नळ लिहिला. नळाला पाणी आलं. रस्त्यातले खड्डे लिहिले, तर तुम्ही खड्डे बुजवून थांबला नाहीत, स्टँडपासून बेकरीच्या पुढपर्यंत काळाकुळकुळीत डांबरी रस्ता करून टाकलात. माझ्याकडे खड्ड्यांचे निदान दहा लेख होते, ते एका रोलरखाली गेले. मग मी चिडून अशी तक्रार शोधली की ज्यावर माणसाचा इलाज नाही. वडावरचे कावळे! खाली उभ्या असलेल्या माणसांच्या टोप्यांवर ते काय करतात हे मी खुलासेवार लिहिलं. तुम्ही वडाखाली पत्र्याची शेड घातलीत.

साहेब, लिहिणाऱ्याचं तोंड बंद करायचे मार्ग जगात पुष्कळ आहेत. दम देतात, कोर्टात खेचतात, माणसं पाठवतात. ते सगळं मी छातीवर झेललं असतं. तुम्ही काय केलंत? माझं ऐकलंत! इतका आतल्या गाठीचा शत्रू मी पाहिला नाही.

तरी मी एक चूक केली. विषयाच्या टंचाईत एके दिवशी उरणची गाडी उशिरा सुटते यावर तुटून पडलो. गाड्या काही तुमच्या कचेरीच्या ताब्यात नव्हत्या, म्हणून निर्धास्त होतो. तुम्ही कुठे टेलिफोन फिरवलात कोण जाणे, गाडी ठोक्याला सुटायला लागली! आता लोक धावत यायचे, चढायचे आणि जायचे. फळ्यापुढे चिटपाखरू थांबेना. सखूबाईसुद्धा चालत्या पावली ओरडून विचारायची आणि झकेरियाशेठ तिसऱ्या ओळीला पोचेपर्यंत गाडी वळणाच्या पलीकडे गेलेली असायची.

वाचक गेले तरी नेम मोडायचा नव्हता, कारण दयाराम आता रोज सकाळी खळीची बादली आणि जाहिरातीचं भेंडोळं घेऊन माझ्याच बाकावर येऊन बसायला लागला होता. गिधाड तरी लांब बसतं. हा जवळ बसून, दाजी आज काय, म्हणून विचारायचा आणि भामानं दिलेला चहा प्यायचा. मी गावभर तक्रारी हुडकत फिरायचो. लोकांना वाटायचं, बळीराम समाजाची सेवा करतोय. खरं तर मी, कुठे एखादं झाकण फुटलेलं मिळतं का, म्हणून देवाला साकडं घालत असायचो.

शेवटी मी अशा विषयाला हात घातला की ज्याला हात लावायची कोणत्याच साहेबाची छाती होणार नाही. स्टँडच्या रस्त्यावर पुढे आलेली दुकानं! गिरणीवाल्याचा वजनकाटा रस्त्यात, कापडवाल्याचं बाकडं रस्त्यात, न्हाव्याची खुर्ची रस्त्यात, सगळी बडी किंवा बड्यांच्या दाढ्या करणारी माणसं. यांना उठवणं कोणाला जमलंय? मी लिहिलं, 'रस्त्यात आलेली प्रत्येक वस्तू चोवीस तासांत उचला. लहानमोठा बघू नका. मुलाहिजा नको. साहेबांत ही धमक आहे काय? उत्तर द्या.'

झकेरियाशेठ हळूच म्हणाले, "बळीरामभाई, माझी पायरीपण रस्त्यात आहे."

मी म्हणालो, "शेठ, तत्त्व ते तत्त्व."

ते आत गेले आणि पाव काढायला लागले. मला जरा वाईट वाटलं, पण लेख इतका जमला होता की फार वाईट वाटेना.

दुसऱ्या सकाळी मी धुतलेलं धोतर नेसून दुकानात आलो. फळा मुद्दाम पुसला नाही. साहेब येणार, तो मजकूर बघून खाली मान घालणार आणि मग त्याच्यासमोर मी आजचा मजकूर लिहिणार: 'साहेब हरले'. रस्ता मला एरवीपेक्षा रुंद वाटला. म्हटलं, आपली छाती फुगली म्हणून तसं वाटत असेल.

तुम्ही माणसं, हातगाडी आणि टेप घेऊन आलात. गिरणीपाशी टेप लावलीत, काटा आत. कापडवाल्यापाशी लावलीत, बाकडं आत. न्हावी गिऱ्हाइकाला घेऊन दुकानात एवढा आत बसला होता की नुसता वस्तऱ्याचा आवाज येत होता. झकेरियाशेठची पायरी तर नाहीशीच झाली होती. बेकरीत लोक आता उडी मारून चढत होते. माझ्या सायकली मी आधीपासूनच आत ठेवायचो. टेप सरकत सरकत माझ्यापाशी आली.

"हा फळा कोणाचा?" तुम्ही विचारलंत.

वाचकहो, हा प्रश्न ऐकण्यासाठी मी अख्खं आयुष्य घालवलं होतं. मुंबईच्या एकाही संपादकानं तो मला विचारला नव्हता.

"माझा!" मी म्हणालो.

"दोन फूट रस्त्यात आहे. उचला."

मी म्हणालो, साहेब, हा फळा आहे, दुकान नव्हे. तुम्ही फळ्याकडे बोट केलंत आणि शांतपणे म्हणालात, "मुलाहिजा नको असं इथे लिहिलंय."

दोन झटक्यांत बांबू उपटले. हातगाडीत दुसरं काहीच नव्हतं, नुसता माझा फळा, आकाशाकडे तोंड करून, कालच्या मजकुरासकट. गाडी कचेरीकडे गेली आणि सगळी दुकानं दारात येऊन बघत राहिली. मी झकेरियाशेठना विचारलं, तुम्हा सगळ्यांना आधी कळलं कसं? ते म्हणाले, "कळलं कसं म्हणजे? काल मीच मोठ्यानं वाचलं ना. चोवीस तास दिले होते तुम्ही. तुम्ही पंक्चर काढत होता."

सगळ्या बाजारपेठेनं तो लेख मन लावून वाचला होता. न वाचलेला माणूस एकच होता, लिहिणारा! रोज लिहिणाऱ्यांनो, हा धडा उतरवून घ्या. आपलं लिहिलेलं एकदा गिऱ्हाइकासारखं समोर उभं राहून वाचावं, आणि वाचताना आपले पाय कुठे आहेत तेही बघावं.

दयारामनं खळ ढवळली. "दाजी, सूर्य मावळायला येळ हाय अजून," तो मायेनं म्हणाला. "पन लिवनार कशावर?"

मी दुकानाच्या दाराच्या फळ्यांवर लिहून बघितलं. पांढरट लाकूड, खडू उमटेना. भामाचा तवा आणला. काळा होता, पण माझा राग तव्यावर मावणारा नव्हता. दुपार टळायला आली. दयारामला कचेरीतून फळा सोडवून आणायची घाई झाली होती. मी डोकं धरून दुकानाच्या उंबऱ्यावर बसलो आणि खाली बघितलं. अडचणीत मी नेहमी खालीच बघतो.

समोर रस्ता पसरला होता. डांबरी, नवा, काळाकुळकुळीत. माझ्याच लेखानं झालेला! एवढा मोठा फळा कुठल्या संपादकाच्या बापानं पाहिला असेल?

मी गुडघ्यांवर बसलो आणि बेकरीपासून सुरुवात केली. हातहात उंचीची अक्षरं. 'साहेबांनी फळा नेला. राग नेता येईल काय?' तिथून वाढत वाढत मी स्टँडच्या तोंडापर्यंत गेलो. गटार, दिवा, कावळे, कोणाला सोडलं नाही. शेवटचं 'उत्तर द्या' लिहून कंबर सरळ केली, तर मागे हॉर्न वाजत होता.

उरणची गाडी सुटायच्या बेतात उभी होती आणि ड्रायव्हर खाली उतरला होता. मला वाटलं मारतो. तो म्हणाला, "पुढं कशी घालू गाडी? अक्षरं हायत. विद्येवर चाक घालू काय?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! कागदाला नुसता पाय लागला तरी उचलून कपाळाला लावणारी आपली माणसं. त्या रस्त्यावर एक माणूस पाऊल टाकेना. मागून भाताच्या बैलगाड्या आल्या, त्या थांबल्या. एक गाडीवान बैलांच्या वेसणी धरून उभा राहिला, बैलांना वाचता येत नाही आणि पाप मात्र आपल्याला लागेल म्हणून. पळस्प्याकडून येणारा ट्रक थांबला. झकेरियाशेठनी दारातून एका पोराला मागे ओढलं, "संभाळ, इल्म आहे ते, पाय नको." अडकलेली माणसं मग काय करणार? वाचायला लागली! कडेकडेनं, एकमेकांना धरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सखूबाईला दोघं वाचून दाखवत होते. माझे वाचक परत आले होते, आणि गाडीला पूर्वी कधी झाला नव्हता एवढा उशीर झाला होता.

साहेब, तुम्ही गर्दीतून स्टँडच्या बाजूनं आलात, म्हणून तुम्ही आधी 'उत्तर द्या' वाचलंत आणि मग प्रश्न शोधत शोधत बेकरीपर्यंत उलटे आलात. तुम्हीही अक्षराला पाय लावला नाहीत, चपला हातात घेऊन कडेनं आलात, हे मी पाहिलं. त्याबद्दल मला तुमचा थोडा आदर वाटला. तो इथे नोंदवतो आणि इथेच संपवतो.

तुम्ही म्हणालात, "पुसा हे."

"पुसेल तो पुसेल," मी म्हणालो. मी भोवती बघितलं. तुमच्या माणसांनी पाय मागे घेतले. पुसणार कोण? ज्यानं लिहिलं त्यालाच पुसता येतं, बाकीच्यांना पाप! आयुष्यात पहिल्यांदा सगळी पनवेल माझ्या फडक्याची वाट बघत होती. "माझा फळा आणा, मग पुसतो."

"रस्त्यात देता येणार नाही."

"मग गाडी राहू दे उभी."

आमचं दोघांचं तोंडाला तोंड लागलं असताना झकेरियाशेठ बेकरीतून उडी मारून उतरले. ज्यांची पायरी मी तत्त्वापायी घालवली होती ते. म्हणाले, "साहेब, भिंत माझी. भिंतीवर टांगला तर रस्त्यात येतो का?" तुम्ही टेप लावलीत आणि मान हलवलीत. मग शेठ मला म्हणाले, "रोज मीच वाचतो ना, बळीरामभाई. मान लांब करून वाचण्यापेक्षा बरं."

दयाराम मात्र बादली सोडायला तयार नव्हता. त्याचं म्हणणं, ठरलं होतं फळ्यावर, रस्त्यावर नव्हे, तेव्हा आज फळा कोरा. मी म्हणालो, काळं आहे, खडूनं लिहिलंय, लोक वाचतायत, फळा म्हणजे आणखी काय असतं? भांडण वाढलं तशी सखूबाई पाटीवरून उठली.

"मला अक्षर कलत नाय," ती म्हणाली. "पन ज्याच्यापायी मी सकाळची इथं अडकत होते, तोच ह्यो. मी आज परत अडकले. फळाच हाय."

लोक हसले आणि निकाल लागला. भामानं नळाची बादली आणली, माझ्याच लेखानं आलेल्या पाण्याची, आणि मला फडकं दिलं. "उभ्या जन्मात घरची फरशी पुसली नाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आज सरकारचा रस्ता पुसतायत." मी स्टँडपासून बेकरीपर्यंत गुडघ्यांवर पुसत गेलो. माझ्या मागोमाग गाडी पावलापावलानं पुढे येत होती.

फळा भिंतीवर लागला. पण खरी पंचाईत पुढेच होती. सगळं गाव ठाकठीक! लिहायचं कशावर? गटार वाहतंय, दिवा जळतोय, गाडी वेळेवर. एक दिवस मी हताश होऊन चंद्रावर लिहिलं. चंद्र म्हणे रुपेरी. सखूबाई ऐकून म्हणाली, "आज सायबाला काय नाय?" आणि पाटी उचलून निघून गेली. साहेब, तुम्हीही आलात. दोन ओळी वाचल्यात. जांभई दिलीत. पुढे न वाचता गेलात. तुमच्यासारखा नेमानं वाचणारा मला दुसरा मिळालेला नाही, हे मी ओळखून होतो. ती जांभई माझ्या काळजात खिळ्यासारखी रुतली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चंद्रच लिहिला. दुसरं होतं काय?

आणि परवापासून गटार तुंबायला लागलं.

पहिल्यांदा वास आला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते वासानं नव्हे. मी खडू घेऊन धावलो. पण आज सकाळी नीट बघितलं. सफाईवाला काशिराम गिरणीपासून गटार उपसत आला, बेकरीच्या भिंतीपाशी फळ्याखाली पोचला, फावडं खांद्यावर टाकलं, फळ्याएवढं अंतर चालून गेला आणि पलीकडून पुन्हा उपसायला लागला!

मी त्याला धरलं. एवढंच का सोडलंस?

"सायबांनी सांगितलंय, तेवढं राहू द्या."

"का?"

"ते आमाला काय सांगतात? म्हनाले, सकाळचं वाचायला काय तरी पायजे."

भामाला सांगितलं तर ती नाकाला पदर लावून म्हणाली की त्या साहेबाला तुमची माया आहे. माया! माझ्या शत्रूला! झकेरियाशेठ म्हणतात, पावाला वास लागतो, पण अदब म्हणून सोसतोय. दयाराम नुसता ऐकतो आणि खळ ढवळतो.

तेव्हा साहेब, शेवटचं विचारतो. गटार तुम्ही दया म्हणून तुंबवलं असेल, तर आजच्या आज उपसा. दयेच्या गटारावर लिहिणारा हा माणूस नव्हे. आणि हलगर्जीपणानं तुंबलं असेल, तर तसं स्वच्छ कबूल करा, म्हणजे मी निर्धास्त मनानं तुमच्यावर तुटून पडतो. जरा लवकर कळवावं ही विनंती, कारण उद्याचा मजकूर अजून सुचलेला नाही आणि गाडी वेळेवर आहे.

दया की हलगर्जीपणा? उत्तर द्या.